मस्करीचा निवाडा कोणी करायचा?

सहीह बुखारीच्या 'किताबुल इल्म' या ज्ञानविषयक प्रकरणात एक छोटीशी रिवायत आहे. हजरत महमूद बिन रबी (रजि.) हे मदिनेच्या अन्सारांपैकी. ते पाच वर्षांचे होते तेव्हा पैगंबर (स.) यांनी बादलीतले पाणी तोंडात घेतले आणि लाडाने त्याची पिचकारी या बालकाच्या चेहऱ्यावर उडवली. रिवायत एवढीच. हजरत महमूद (रजि.) मोठे झाले, वृद्ध झाले, तरी ती गोष्ट ते सांगत राहिले. इमाम बुखारी (रह.) यांनी ती ज्या शीर्षकाखाली दिली आहे तो प्रश्न मात्र अतिशय गंभीर आहे: लहान मुलाने पाहिलेले आणि ऐकलेले कोणत्या वयापासून ग्राह्य धरावे? हदीसशास्त्रातील विद्वानांनी या रिवायतीच्या आधारे पाच वर्षांच्या वयाची चर्चा केली. ज्ञानाच्या एका मोठ्या प्रश्नाला पुरावा म्हणून उभी राहिली ती एक मस्करी, ही बाब मला नेहमी थांबून विचार करायला लावते.

पाच वर्षांच्या मुलाला प्रवचन आठवत नाही. चेहऱ्यावर उडालेले पाणी आठवते. पण वाचकहो, ज्या स्मरणशक्तीने ते पाणी ऐंशी-नव्वद वर्षे जपले, तीच स्मरणशक्ती आपल्या मुलांच्या ठायीही आहे, आणि ती गोड-कडूची निवड करीत नाही. वर्गात कोणी पाठीवर चिकटवलेला कागद, सर्वांसमोर खेचलेली खुर्ची, तोतरेपणाची केलेली नक्कल, हेही त्याच कप्प्यात जाऊन बसते. चाळिशी उलटलेले गृहस्थ जुम्याच्या नमाजनंतर बोलता बोलता चौथीतल्या एखाद्या फजितीपाशी येतात आणि त्यांचा आवाज बदलतो. मी ते ऐकले आहे. आपणही ऐकले असेल.

आपल्या भिवंडीत मुलांचे जग मोठ्यांच्या जगाला चिकटूनच असते. एका गल्लीत शाळा, दुसऱ्या गल्लीत यंत्रमागाचा कारखाना. मधल्या सुट्टीची घंटा मागांच्या खडखडाटातून ऐकू यावी लागते. मराठी, उर्दू, तेलुगू अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा या शहरात आहेत. कोकणी मुसलमान, मोमीन, उत्तर प्रदेश-बिहारमधून मागावर कामाला आलेल्यांची मुले, पद्मानगरकडची तेलुगू विणकरांची मुले, आगरी, कोळी, मराठा अशा सर्वांची लेकरे धामणकर नाक्यापासून वंजारपट्टी नाक्यापर्यंत त्याच रस्त्यांवरून दप्तरे मिरवीत जातात. आणि सर्वांच्या खोड्या सारख्याच. डबा लपवणे, पुढच्या बाकावरच्याच्या सदऱ्याला धागा बांधणे, "सर बोलावतात" म्हणून खोटाच निरोप देणे, दाराआड लपून 'भ्यॉ' करणे. मशिदीशी संबंध येत असल्याने मी आणखी एक प्रकार जाणतो, तो म्हणजे पायऱ्यांवरच्या चपलांची अदलाबदल. त्याचे पुढे बोलू.

अशा खोड्यांसंबंधी पालकांकडून दोन उत्तरे ऐकू येतात. एक, "लेकरे आहेत, चालायचेच." दुसरे, "मस्करी दीनमध्ये नाही, हसणे-खिदळणे गाफिलांचे काम." पहिले उत्तर ज्याचे मूल खोडी काढते त्याच्या घरी अधिक ऐकू येते, हे सहज सांगून ठेवतो. दोन्ही उत्तरांत एक सोय आहे. पहिल्याने काहीच पाहावे लागत नाही आणि दुसऱ्याने सर्वच एकदम नाकारता येते. खरा प्रश्न मधेच पडून राहतो. एकच कृती एका मुलासाठी आयुष्यभराचा आनंद ठरते आणि दुसऱ्यासाठी आयुष्यभराची ठसठस. मग ती मस्करी होती की छळ, याचा निवाडा कोणी करायचा? करणाऱ्याने, पाहणाऱ्यांनी, की जिच्या-ज्याच्यावर ती झाली त्याने?

दुसऱ्या उत्तराचा समाचार लवकर घेता येतो. पैगंबर (स.) मस्करी करीत, आणि मुलांशी तर आवर्जून करीत. हजरत अनस (रजि.) यांना ते 'दोन कानवाल्या' अशी हाक मारीत. अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याने एक छोटा पक्षी पाळला होता, तो मेला तेव्हा त्या उदास पोराला त्यांनी यमक जुळवून विचारले की तुझ्या पाखराने हे काय केले! या एका वाक्याच्या हदीसवर इब्नुल कास या शाफई विद्वानाने एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि तीतून साठ मुद्दे काढले. हजरत आएशा (रजि.) यांच्या लहानपणच्या मैत्रिणी खेळता खेळता पैगंबर (स.) घरात आले की लाजून लपून बसत, आणि ते त्यांना शोधून पुन्हा खेळायला पाठवीत. हजरत इब्न अब्बास (रजि.) मुलांत खेळत असताना पैगंबर (स.) येताना दिसले म्हणून दाराआड दडले, तर त्यांनी तिथे येऊन पाठीवर हलकी थाप मारली. ज्या दीनच्या पैगंबरांनी दाराआड दडलेले पोर हुडकले, त्या दीनला हसण्याचे वावडे आहे असे म्हणता येत नाही.

सहाबांनी त्यांना एकदा विचारले होते की आपणही आमच्याशी थट्टा करता? त्यांच्या उत्तराचा आशय असा, की होय, पण मी सत्याशिवाय काही बोलत नाही. याचे उदाहरण म्हणून स्वारीसाठी उंट मागायला आलेल्या माणसाची हदीस सांगितली जाते. पैगंबर (स.) म्हणाले, तुला उंटिणीचे पिल्लू देतो. तो गोंधळला, पिल्लावर कसा बसणार? तेव्हा त्यांनी विचारले, प्रत्येक उंट उंटिणीचेच पिल्लू नसतो काय? या विनोदाची घडण पाहा. माणूस क्षणभर फसला, पण त्या क्षणाचे कुलूप पुढच्याच वाक्याने उघडले, आणि ज्यासाठी तो आला होता ते त्याला मिळाले. मुलांच्या चांगल्या मस्करीची घडणही अशीच असते. डबा लपवला जातो, पण भूक लागण्याआधी सापडतो.

आता अवघड हदीसकडे येऊ. सुनन अबू दाऊद आणि मुसनद अहमदमध्ये प्रवासातील एक प्रसंग आहे. सहाबांचा काफिला मुक्कामाला होता. एकाला झोप लागली. दुसऱ्याने गंमत म्हणून त्याची वस्तू उचलली. एका रिवायतीत दोरी आहे, दुसरीत बाण. झोपलेला दचकून उठला, घाबरला, आणि सारे हसले. पैगंबर (स.) यांनी हसण्याचे कारण विचारले. कारण कळल्यावर त्यांनी सांगितले की मुसलमानाने मुसलमानाला भयभीत करणे हलाल नाही. दुसऱ्या एका हदीसमध्ये आपल्या भावाची वस्तू ना गंभीरपणे घ्यावी ना थट्टेने, आणि त्याची साधी काठी जरी घेतली असेल तरी परत करावी, असा आदेश आहे.

या प्रसंगात एकही वाईट माणूस नाही, हे लक्षात घ्या. वस्तू उचलणारा चोर नव्हता, हसणारे शत्रू नव्हते. सर्व एकाच वाटेचे सोबती, एकमेकांसाठी जीव देणारे. त्यांच्या नियतविषयी शंका घ्यायला जागा नाही. तरीही निवाडा त्यांच्या नियतवर झाला नाही. दचकलेल्या माणसाच्या छातीतील धडधडीवर झाला. इथे कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की मग कर्मांचा आधार नियतवर आहे ही हदीस कुठे गेली? आपण तर मुलांना पहिला धडा तोच देतो.

माझ्या समजुतीप्रमाणे दोन हिशेब वेगळे आहेत. नियत हा बंदा आणि अल्लाह यांच्यातील हिशेब आहे. माझ्या मनात द्वेष होता की प्रेम, हे अल्लाह जाणतो आणि त्याप्रमाणे मला जोखतो. पण दुसऱ्याच्या मनाची शांती, त्याची वस्तू, त्याची अब्रू हा त्याचा हक्क आहे, हुकूकुल इबादचा भाग आहे. माझी नियत कितीही निर्मळ असली तरी तिच्या जोरावर मला त्याच्या मालमत्तेत शिरण्याचा परवाना मिळत नाही. "मी मस्करीत केले" हे वाक्य माझ्या मनाबद्दल काही सांगते. त्याचे काय झाले याबद्दल काहीच सांगत नाही.

मुलांच्या बाबतीत हा भेद अधिकच स्पष्ट होतो. मूल वयात येईपर्यंत त्याच्यावरून लेखणी उचललेली आहे, अशी हदीस आहे. त्याच्या नावे गुन्हा लिहिला जात नाही. म्हणजे नियतचा हिशेब मुळात नाहीच. पण फिकहचे ग्रंथ तिथे थांबत नाहीत. मुलाने दुसऱ्याची वस्तू मोडली तर तिची भरपाई द्यावी लागते, आणि ती मुलाच्या मालातून दिली जाते. आपल्या शहरात कोकणी बांधव बहुतेक शाफई आणि मोमीन बांधव हनफी. हात बांधण्याच्या जागेवरून आपल्यात चर्चा रंगते, पण या मुद्द्यावर दोन्ही मस्लक एकच बोलतात. मला यात फिकहची मोठी सूक्ष्म दृष्टी दिसते. पाप नाही, तरी नुकसान आहे. मूल निष्पाप आहे, तरी समोरच्याचे पेन मोडलेलेच आहे. मोडलेल्या पेनाची किंमत काढता येते. दचकण्याची, शरमेची किंमत कशी काढणार? ती मोठ्यांनी ओळखायची असते, आणि "निष्पाप आहे ते" एवढे म्हणून आपण ती ओळखण्याचे टाळतो.

शब्दांकडेही एकदा पाहावे. मराठीने 'मस्करी' आणि 'मसखरा' हे शब्द अरबीतून घेतले. त्याच धातूपासून बनलेले क्रियापद सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत आले आहे, जिथे एका समूहाने दुसऱ्याचा उपहास करू नये, स्त्रियांनी स्त्रियांचा करू नये, कदाचित ते यांच्यापेक्षा चांगले असतील, आणि एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नये असे बजावले आहे. 'फजिती' हाही अरबी 'फजीहत'चाच मराठी अवतार. मराठीत येऊन हे शब्द नरमले. मस्करीत आज गोडवाही आहे. पण मुळातली धार पुरती गेलेली नाही, आणि मुलांच्या हाती तो शब्द धारेसकट जातो.

आयतीतील टोपणनावांचा मुद्दा तर थेट शाळेच्या वर्गात येतो. बनू सलमा या मदिनेच्या कबिल्यातील एक सहाबी सांगतात की ही आयत आमच्याबद्दल उतरली. आमच्यात दोन-तीन नावे नाहीत असा माणूसच नव्हता. पैगंबर (स.) एखाद्याला त्यांपैकी एका नावाने हाक मारायचे, तेव्हा लोक सांगायचे की या नावाने त्याला राग येतो. म्हणजे पूर्ण वस्तीत ती नावे चालू होती, प्रत्येकाला ठाऊक होते कोणाला कोणते नाव टोचते, आणि तरी ती चालू होती. आपल्या वर्गांचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही. कोणाच्या बोलण्यात पूरबी लकब आहे, कोणाचे वडील मागावर कांड्या भरतात, कोणाचा रंग, कोणाचे वजन, कोणाचा चष्मा. प्रत्येकावर एक नाव तयार. गंमत अशी की ही नावे मुले क्वचितच स्वतः शोधतात. आपण जेवताना शेजाऱ्यांना ज्या नावांनी संबोधतो, तीच दुसऱ्या दिवशी दप्तरातून शाळेत जातात.

आणि तरीही टोपणनाव स्वतःहून वाईट नाही. हजरत अली (रजि.) एकदा मशिदीत जमिनीवर झोपले होते, पाठीला माती लागली होती. पैगंबर (स.) यांनी ती झटकत त्यांना 'अबू तुराब', मातीवाले, म्हणून उठवले. बुखारीत नमूद आहे की हजरत अली (रजि.) यांना या नावाइतके दुसरे कोणतेच नाव प्रिय नव्हते. मातीचा उल्लेख अपमानही होऊ शकला असता. काय फरक पडला? नाव देणारा हात माती झटकत होता. आणि नाव ज्याला मिळाले त्याने ते जपले. ज्याचे नाव, त्याचा निवाडा.

आता मैत्रीकडे वळू, कारण खोडीची खरी जागा मैत्रीत आहे. परक्या मुलाची खोडी कोणी सहसा काढत नाही. ती आगळीक होते. खोडी काढायला हक्क लागतो, आणि तो हक्क मैत्री देते. पण कशामुळे देते? मित्राला आपले वर्म ठाऊक असते. कोणत्या गोष्टीवर आपण खळखळून हसू आणि कोणत्या गोष्टीने आतून तुटू, हे वर्गातील पन्नास मुलांत एखाद-दोघांनाच नीट कळलेले असते. हेच ज्ञान शत्रूही मिळवतो. दोघांकडे नकाशा एकच. मित्र त्या नकाशावरून वर्म टाळून चालतो आणि शत्रू तिथेच पाऊल ठेवतो. म्हणूनच जुना मित्र उलटला की त्याची मस्करी सर्वांत जास्त लागते. त्याला वाट विचारावी लागत नाही.

वर्माला हात लावूनही दुखावू नये, अशी मस्करी करणारा फार मोठा मित्र असला पाहिजे. जाहिर नावाचे एक वाळवंटात राहणारे सहाबी होते, दिसायला साधे. ते बाजारात आपला माल विकत उभे असताना पैगंबर (स.) मागून आले आणि त्यांना कवेत धरले. कोण आहे, सोड, असे ते म्हणाले. मग ओळख पटली आणि ते आपली पाठ त्या छातीला अधिकच टेकवू लागले. पैगंबर (स.) पुकारू लागले की हा गुलाम कोण विकत घेतो? बंदा अल्लाहचाच, म्हणून वाक्य खरेच होते. जाहिर (रजि.) म्हणाले की मग तर मी फार स्वस्त माल ठरेन. विनोदात त्यांचे वर्म त्यांच्याच तोंडून बाहेर आले. त्यावर त्यांना उत्तर मिळाले की अल्लाहपाशी तू स्वस्त नाहीस. खेळ मागून डोळे झाकण्याच्या जातीचा होता, आणि तो संपला तेव्हा बाजारातील त्या साध्या माणसाची किंमत वाढलेली होती.

आपल्या मुलांकडून इतकी अपेक्षा कोणी करणार नाही. पण मुलांच्या स्वतःच्या खेळांत एक नियम आहे, तो मला फार उपयोगी वाटतो. लपंडावात ज्याने शोधायचे असते त्याच्यावर 'राज्य' आहे असे आपण म्हणतो. शब्द राजाचा, अवस्था बिचाऱ्याची! राज्य ज्याच्यावर येते तो एकटा पडतो, बाकीचे लपून त्याला हसतात. तरी कोणी मूल रडत नाही, कारण राज्य फिरते. आज याच्यावर, उद्या त्याच्यावर. मुले खोटे राज्य देणाऱ्याला 'रडी खेळतो' म्हणतात आणि त्याला खेळातून काढतात. मस्करीलाही हीच कसोटी लावून पाहावी. महिनाभर ज्या एकाच मुलाचा डबा लपतो, ज्या एकाच मुलीच्या वेणीला कागद लागतो, तिथे खेळ कधीच संपलेला आहे; फक्त हसणे चालू आहे.

"पण तोही हसतो की!" असे शिक्षक आणि पालक सांगतात. वाचकहो, यावर विश्वास ठेवण्याआधी थोडे थांबा. ज्या मुलाला खेळातून बाहेर पडण्याची भीती वाटते ते मूल आपल्यावरच्या मस्करीला सर्वांत मोठ्याने हसते. नव्या शाळेत आलेले मूल, गावाहून आलेले मूल, ज्याला एकच टोळके लाभले आहे असे मूल. हसणे ही त्याने भरलेली फी असते. त्याच्या हसण्यावरून काही कळत नाही. त्याने उलट मस्करी केली तर बाकीचे हसतात का, यावरून कळते.

मोठ्यांचा भाग यात काय? पहिला भाग असा की आपण स्वतः काय करतो ते पाहावे. हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असताना त्यांच्या आईने "ये, तुला काहीतरी देते" म्हणून हाक मारली. पैगंबर (स.) तिथे बसले होते. त्यांनी विचारले, काय देणार होतीस? खजूर, असे आईने सांगितले. त्यावर त्यांनी सांगितले की काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावे एक खोटे लिहिले गेले असते. आपल्या घरांत इंजेक्शन द्यायला नेताना 'आइस्क्रीम खायला जाऊ' सांगितले जाते, आणि झोपत नाही म्हणून बागुलबुवा बोलावला जातो. पुष्कळ घरांत बागुलबुव्याचे काम "मौलवी साहेबांना सांगेन" या वाक्याने भागवतात. माझी दाढी पाहून गल्लीतली दोन-तीन मुले खांबामागे जातात त्याचे श्रेय त्यांच्या अम्मींना आहे. तक्रार नाही, पण घाबरवून हसणे मूल आपल्याकडूनच शिकते, एवढे ध्यानात असावे.

शिक्षकांचीही गोष्ट तीच. सन २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. वर्गासमोर मुलाच्या अडखळण्यावर विनोद करून पन्नास मुलांना हसवणे कशात मोडते, याचा शिक्षकांनी विचार करावा. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. म्हणून आम्हा मक्तबवाल्यांना सुटल्यासारखे वाटण्याचे कारण नाही; दोरी आणि बाणांच्या हदीसमध्ये मदरशांसाठी सवलत नाही.

मोबाइलने एक नवीच गोष्ट आणली आहे. पूर्वीच्या खोडीत तीन पक्ष असत: करणारा, सोसणारा आणि चार सोबती. आता घाबरलेल्या मुलाचे चित्रीकरण होते आणि ज्यांना त्याचे नावही माहीत नाही असे लोक हसतात. त्यांचे राज्य कधीच फिरत नाही. त्यांच्यावर उलट मस्करी करता येत नाही. मैत्रीने दिलेला हक्क मित्रापुरता असतो; तो पुढे कोणाला देऊन टाकता येत नाही.

आणखी एक बाब आपल्या शहरासाठी मुद्दाम लिहितो. एकमेकांच्या दीन-धर्माला जे निषिद्ध वा पवित्र आहे ते खोडीचे साहित्य नव्हे. शाकाहारी मित्राला फसवून काही खाऊ घालणे, किंवा पहिला रोजा धरलेल्या लहानग्याला "अजान झाली" म्हणून पाणी पाजणे, दोन्ही एकाच मापाची कृत्ये. भिवंडीने १९७० आणि १९८४ पाहिले आहे. ज्या पिढीने ते भोगले ती आज आजी-आजोबांची पिढी आहे, आणि त्यांच्या नातवंडांची मैत्री एका बाकावर जमते ही अल्लाहची फार मोठी नेमत आहे. ती जपताना मोठ्यांची घाई आड येते. मुलांच्या खोडीत दोन घरांचे बाप उतरले की तिचे नावच बदलते. मुले संध्याकाळी पुन्हा एकत्र क्रिकेट खेळतात, आणि बाप वर्षभर सलाम-नमस्कार टाकतात.

चपलांचे बोलायचे राहिले. एका पावसाळ्यात आमच्या मक्तबमधील नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाच्या चपला नाहीशा झाल्या. ईदला घेतलेल्या, नव्या. वडील रात्रपाळीला मागावर. त्यांचा डबा पोहोचवायचे काम याचे. त्याने थोडा वेळ शोधले आणि मग उशीर होतो म्हणून चिखलातून तसाच अनवाणी गेला. लपवणारा त्याचा सर्वांत जवळचा मित्र निघाला. चपला वजूखान्यामागे होत्या, तो येऊन शोधील आणि आपण हसू, असा बेत. तो शोधत बसला नाही, एवढीच बेतात चूक झाली. रात्री वडील मशिदीत आले, अर्थात संतापून. त्या दुसऱ्या मुलाच्या वडिलांना बोलावा, म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि उद्यापर्यंत थांबायला सांगितले. चपला परत मिळाल्या होत्या. फिकहच्या दृष्टीने हिशेब पुरा झाला होता. चिखलातले अनवाणी अंतर मात्र कोणाच्याच वहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी लपवणाऱ्या मुलाला मी दोरीची हदीस सांगितली. तो काही बोलला नाही. सबक संपल्यावर पायऱ्यांवर त्याने स्वतःच्या चपला काढून मित्रापुढे सरकवल्या आणि म्हणाला, "आता तू लपव. मी अनवाणी जातो." माफी माग, असे मी त्याला सांगितले नव्हते, आणि त्यानेही तो शब्द वापरला नाही. दुसऱ्याने पाहिले, थोडा वेळ घेतला. त्याला तो सौदा पटलेला दिसत नव्हता. अनवाणी चालण्याचे त्याला ठाऊक होते. मग त्याने त्या चपला उचलल्या आणि त्याच रॅकच्या खालच्या फळीवर, अगदी दिसतील अशा ठेवल्या, आणि डोळे मिटून दहापर्यंत मोजायला लागला.